रक्त आहे, गटही तोच आहे, तरी "मॅच होत नाही" म्हणतात तेव्हा काय करायचं

रात्री दोनच्या सुमारास ब्लड बँकेच्या खिडकीवर जो माणूस येतो ना, त्याचा प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, आत फ्रीजमध्ये बी पॉझिटिव्हच्या एवढ्या बाटल्या दिसतायत, आमचा पेशंटही बी पॉझिटिव्ह, मग अडलंय कुठे?" मी म्हणते दादा, मॅच होत नाहीये. त्यावर तो असा बघतो की बाटल्या मी ब्लॅकने विकायला दडवून ठेवल्यात. बरं बाटल्या पण नाहीत त्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या येऊन कित्येक वर्षं झाली, पण पुण्यात अजून रक्ताची "बाटलीच" चढते, असो. मी सतरा वर्षं याच कामात आहे, टेक्निशियन म्हणून, आणि खिडकीवर दोन मिनिटांत जे सांगून होत नाही ते इथे नीट बसून लिहितेय. नातेवाइकांसाठी तर आहेच, पण डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून नुकतं ड्युटीला लागलेल्या पोरापोरींनीही वाचावं, तुमच्याही हातून हीच माती होते.

आधी थोडक्यात मामला काय आहे ते. ए, बी, ओ हे गट लँडस्टायनरने 1901 मध्ये दाखवले, आरएच 1940 च्या आसपास आलं, आणि बहुतेकांची माहिती तिथेच थांबते. पण लाल पेशीवर ही दोनच लेबलं नसतात. आजपर्यंत 40 च्या वर रक्तगट सिस्टिम आणि 300 च्या वर अँटिजेन, म्हणजे अशी लेबलं, मोजलेत, केल, डफी, किड, एमएनएस अशी नावं. तुमचं बी पॉझिटिव्ह आणि माझं बी पॉझिटिव्ह वरवर सारखं, आत ही बाकीची लेबलं वेगळी असू शकतात. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण आधी कधी दुसऱ्याचं रक्त चढलं असेल, किंवा बाईच्या बाबतीत बाळंतपण झालं असेल आणि बाळाच्या पेशी आईच्या रक्तात आल्या असतील, तर शरीर त्या परक्या लेबलाविरुद्ध अँटिबॉडी बनवून ठेवू शकतं. सगळ्यांचं बनवत नाही, काहींचं बनवतं. आणि मग ते लेबल असलेली पिशवी गट जुळूनही त्या माणसाला चालत नाही, दिली तर चढवलेल्या पेशी आत फुटतात.

पहिलं काम घरातच आहे

डॉक्टर म्हणाले "रक्ताची सोय करून ठेवा" की लोक लगेच डोनर शोधायला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकतात. थांबा. आधी पेशंटजवळ बसा आणि विचारा. पूर्वी कधी रक्त चढलंय का, कोणत्या साली, कुठे. बाईमाणूस असेल तर किती वेळा दिवस राहिले, आणि यात पडलेला गर्भ, खाली केलेलं, सगळं धरायचं, सासू समोर उभी असेल तर तिला चहा आणायला पाठवा पण खरं उत्तर काढा. कोणतं औषध चालू आहे, विशेषतः मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरचं डाराटुमुमॅब, कारण ते इंजेक्शन घेणाऱ्याच्या रक्तात आमच्या टेस्टमध्ये सगळंच पॉझिटिव्ह दिसतं आणि आम्ही तासन्‌तास भुतामागे धावतो. आणि शेवटचा प्रश्न, पूर्वी कुणी "तुमचं रक्त मिळायला अवघड आहे" असं म्हटलं होतं का, तसा कागद दिला होता का.

हा शेवटचा प्रश्न मी इतका का लावून धरते ते सांगते. भोरकडच्या एक मावशी होत्या, तीन बाळंतपणं, काही वर्षांपूर्वी कुठेतरी ऑपरेशनला दोन पिशव्या चढलेल्या. एचबी पाच-साडेपाचवर आलेलं. आम्ही सॅम्पल लावलं, अँटिबॉडी स्क्रीन (रक्तात अशी अँटिबॉडी आहे का ते बघणारी टेस्ट) निगेटिव्ह, क्रॉसमॅच (त्या पिशवीशी जुळतं का ते) स्वच्छ, पिशवी दिली, सगळे खूश. आठव्या दिवशी मावशी परत, डोळे पिवळे, लघवी कोकमासारखी, आणि एचबी होतं तिथेच परत. नवीन सॅम्पलमध्ये किडची अँटिबॉडी, अँटि-जेके-ए, चांगली ठसठशीत. मग मुलगा घरी जाऊन कपाटातून साड्यांखाली ठेवलेली जुनी फाइल घेऊन आला आणि त्यात एक कागद होता, त्यावर हीच अँटिबॉडी कुणीतरी व्यवस्थित टाइप करून दिलेली. आमच्या फॉर्मवर तो रकाना रिकामा होता, वॉर्डात कुणी विचारलं नाही, आणि मी पण रिकामा रकाना बघून फोन केला नाही, हे मान्य करते. मावशी बऱ्या झाल्या, पण ते दहा दिवस मला अजून आठवतात.

यात टेस्ट चुकली नव्हती. किडच्या अँटिबॉडीची खोडच ही आहे की काही महिन्यांत तिचं प्रमाण इतकं उतरतं की टेस्टला दिसतच नाही. पण शरीर विसरत नाही. ते लेबल परत आत आलं की काही दिवसांत अँटिबॉडी पुन्हा भराभर तयार होते. म्हणून तो कपाटातला कागद आजच्या निगेटिव्ह रिपोर्टपेक्षा मोठा. एकदा अँटिबॉडी सापडली की ती आज दिसो न दिसो, आयुष्यभर त्या लेबलाशिवायचंच रक्त द्यायचं, असा आमच्याकडे नियम आहे.

सॅम्पल, म्हणजे तो बल्ब, रक्ताची छोटी नळी

रक्त काढताना सिस्टरने पेशंटला "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारायला हवं, "तुम्ही शिंदेकाका ना?" असं नाही, कारण गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. आणि बल्बवर नाव पलंगाजवळच, रक्त काढल्या काढल्या लिहायचं. आधी पाच लेबलं लिहून खिशात टाकायची पद्धत दिसली तर बेधडक टोका. चुकीच्या गटाचं रक्त जाऊन जे मोठे अपघात होतात त्यात लॅबच्या केमिस्ट्रीपेक्षा या लेबलाच्या घोळाचा वाटा मोठा आहे. फॉर्मवर "सुनीता" आणि बल्बवर "सुनिता बी." असं असलं तरी आम्ही सॅम्पल परत पाठवतो, तुम्हाला आमचा छळ वाटतो, वाटू दे.

दुसरं, "कालच तर सॅम्पल दिलं होतं, आज परत कशाला?" हे भांडण. पेशंटला गेल्या तीन महिन्यांत रक्त चढलं असेल किंवा ती गरोदर होती तर क्रॉसमॅचसाठी सॅम्पल तीन दिवसांपर्यंतच धरतात, कारण नवीन अँटिबॉडी या काळात उगवू शकते. आणि पेशंटचा गट पहिल्यांदाच करत असू तर दुसऱ्या वेळी काढलेल्या सॅम्पलवर तो पडताळून घेणं चांगलं, म्हणजे पहिला बल्ब भलत्याचाच होता का ते कळतं.

काचेपलीकडे काय चालतं

आधी गट, तोही दोन बाजूंनी. पेशंटच्या पेशी आमच्या अँटिसिराबरोबर, म्हणजे तयार अँटिबॉडीच्या द्रवाबरोबर, आणि पेशंटचा प्लाझ्मा आमच्या ए आणि बी पेशींबरोबर, दोन्ही उत्तरं एकमेकांना पटली पाहिजेत. नाही पटली तर तिथेच थांबायचं, पुढे जायचं नाही, हे नवीन पोरांनी भिंतीवर लिहून ठेवा.

मग स्क्रीन. गट ओ असलेल्या आणि बाकीची लेबलं आधीच माहीत असलेल्या दोन किंवा तीन प्रकारच्या पेशी येतात, त्यांच्याबरोबर पेशंटचा प्लाझ्मा जेल कार्डमध्ये, म्हणजे जेल भरलेल्या बारीक नळ्यांच्या कार्डात, घालायचा. 37 डिग्रीला पंधरा मिनिटं, मग सेंट्रिफ्यूजला दहा मिनिटं. कार्ड बाहेर काढून ट्यूबलाइटसमोर धरलं की बघायला सोपं असतं, पेशी सगळ्या तळाशी लाल बटणासारख्या बसल्या तर निगेटिव्ह, वरच रेघ धरून अडकून राहिल्या तर पॉझिटिव्ह, चार प्लस, म्हणजे सगळ्यात जोरदार. मधले प्रकार म्हणजे जेलभर विखुरलेले ठिपके, तिथे अनुभव लागतो, पहाटे चारला एक प्लस आणि धूळ यात फरक करताना डोळे दगा देतात म्हणून मी दुसऱ्याला दाखवल्याशिवाय सही करत नाही. 37 डिग्री कशाला तर त्रास देणाऱ्या अँटिबॉडी बहुतेक आयजीजी प्रकारच्या, त्या शरीराच्या तापमानाला चिकटतात पण लहान असल्याने पेशींचा गोळा बांधू शकत नाहीत. तो गोळा बांधायला मधे आणखी एक पूल लागतो, अँटि-ह्युमन ग्लोब्युलिन, आणि हीच ती कूम्ब्स टेस्ट, 1945 मध्ये कूम्ब्स, मूरंट आणि रेस या तिघांनी आणलेली. तिचीच सुधारलेली आवृत्ती आपण रोज कार्डात करतो. जे अजून ट्यूबमध्ये करतात त्यांनी निगेटिव्ह आलं की कूम्ब्स कंट्रोल पेशी घालायला विसरू नका, धुणं नीट झालं नसेल तर सगळं खोटं निगेटिव्ह येतं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

शेवटी क्रॉसमॅच, म्हणजे जी पिशवी देणार तिच्याच नळीतल्या पेशी आणि पेशंटचा प्लाझ्मा. सगळं सरळ असेल तर सॅम्पल हातात आल्यापासून तासभर धरा. नातेवाइकांनी एक गोष्ट आवर्जून विचारावी, "अँटिबॉडी स्क्रीन करता का?" सगळीकडे ती सरसकट होत नाही, काही ठिकाणी फक्त क्रॉसमॅच करून पिशवी देतात. ज्याला वारंवार रक्त लागणार आहे किंवा बाळंतपणं झालेली बाई आहे तिच्यासाठी मी तरी स्क्रीन मागून घेईन.

स्क्रीन पॉझिटिव्ह आली, आता?

आता डिटेक्टिव्हगिरी. अकरा पेशींचं पॅनल लावायचं, सोबत एक तक्ता येतो, कोणत्या पेशीवर कोणतं लेबल आहे ते. आधी पेशंटच्या स्वतःच्या पेशी स्वतःच्याच प्लाझ्माबरोबर लावा, म्हणजे ऑटो कंट्रोल, तो निगेटिव्ह असेल तर अँटिबॉडी परक्यांविरुद्ध आहे. मग पेन घ्या. ज्या पेशी निगेटिव्ह आल्या त्यांच्यावरची लेबलं एकेक करून काटत जायचं, कारण त्या लेबलाविरुद्ध अँटिबॉडी असती तर ती पेशी चिकटली असती. पण काटताना ती पेशी त्या लेबलाचा डबल डोस असलेली आहे का बघायचं, किड, डफी, एम, एन, सी, ई यांच्या अँटिबॉडी सिंगल डोसच्या पेशीला कधीकधी ओळखतच नाहीत. समजा अकरापैकी तीनच पॉझिटिव्ह आल्या आणि तक्त्यात मोठा ई (आरएचमधलंच एक लेबल) नेमका त्या तिघींवरच आहे, तर अँटि-ई. किमान तीन लेबलवाल्या पेशी पॉझिटिव्ह आणि तीन बिनलेबलवाल्या निगेटिव्ह हव्यात, तेव्हा योगायोगाची शक्यता वीसात एक इतकी खाली येते. त्यानंतर पेशंटच्या स्वतःच्या पेशीवर ई नाहीये ना ते तपासायचं, गेल्या तीन महिन्यांत रक्त चढलं नसेल तरच हो, नाहीतर तुम्ही डोनरच्याच पेशी तपासत बसाल. दोन अँटिबॉडी एकत्र असल्या की पपेनसारखं एन्झाइम लावून बघतात, त्याने डफी आणि एम, एन ची लेबलं पेशीवरून निघून जातात आणि आरएच, किडवाल्या जास्त उठून दिसतात. हे सगळं करायला तीन-चार तास सहज, कधी दिवस. आणि पॅनल महाग असतं, एक्स्पायरी जेमतेम महिना-दीड महिन्याची, म्हणून प्रत्येक ब्लड बँकेत ते नसतंच. "तुमच्याकडे पॅनल आहे का, नसेल तर सॅम्पल कुठे पाठवणार" हे पहिल्याच तासाला विचारा, सहाव्या तासाला नाही.

पिशवी शोधायचा हिशोब

नाव सापडलं की शोध सोपा होतो, कारण आता आकडे मांडता येतात. आपल्याकडे शंभरातल्या साधारण 80 जणांवर मोठा ई नसतो, म्हणजे नुसती अँटि-ई असेल तर काळजी नाही, पाच पिशव्यांत चार चालतील. जेके-ए मात्र बहुतेकांवर असतो, नसलेले शंभरात 20 च्या आसपास. दोन्ही अँटिबॉडी असतील तर 0.8 गुणिले 0.2, म्हणजे शंभरात 16. दोन पिशव्या हव्यात तर त्याच गटाच्या बारा-तेरा पिशव्या तपासाव्या लागतील. हा हिशोब तुमच्या ब्लड बँकेला विचारा, "किती तपासाव्या लागतील अंदाजे?" उत्तर आलं तर समजा काम योग्य हातात आहे. मग तेरा पिशव्या एका ठिकाणी नसल्या तर शहरातल्या बाकी बँकांना फोन, ई-रक्तकोश पोर्टलवर साठा बघणं, हे सुरू करता येतं. तिथे फक्त गट आणि साठा दिसतो, किड-डफी दिसत नाही, त्यामुळे फोनवर "अँटि-जेके-ए आहे, जेके-ए निगेटिव्ह पिशवी हवी" असंच स्पष्ट बोला.

मे महिन्यात आणि दिवाळीत हे सगळं दुप्पट अवघड, कॉलेजं बंद, कॅम्प नाहीत. गणपतीत मंडळांचे कॅम्प होतात तेव्हा जरा हात मोकळा असतो. आणि हो, खिडकीवर पंधरा मित्र घेऊन "यातलं कुणाचंही घ्या" म्हणून येऊ नका, डोनरच्या एचआयव्ही, कावीळ बी-सी, सिफिलिस, मलेरियाच्या टेस्ट होऊन पिशवी मोकळी व्हायला वेळ लागतोच. त्यांना पुढच्या आठवड्यात एकेकाने द्यायला सांगा, उपयोग जास्त होतो.

सगळ्याच पिशव्या चिकटतायत आणि ऑटो कंट्रोलही पॉझिटिव्ह आहे, हा वेगळाच डाव. तिथे शरीर स्वतःच्याच पेशींवर उठलेलं असतं. डीसीटी (पेशंटच्या पेशींवर अँटिबॉडी आधीच चिकटलीय का ते बघणारी टेस्ट) पॉझिटिव्ह येते, आणि पूर्ण मॅच होणारी पिशवी जगात कुठेच नसते, त्यामुळे पुण्यातल्या दहा बँका फिरवून काही हाती लागणार नाही. आमचं काम मग एवढंच की त्या गोंगाटाखाली परक्यांविरुद्धची खरी अँटिबॉडी लपलीय का ते शोधणं. ती नसेल तर डॉक्टर आणि ब्लड बँकेचे डॉक्टर बोलून ठरवतात की रक्त द्यायचं का, आणि द्यायचं तर सावकाश, नजर ठेवून. जीव धोक्यात असेल तर देतातच. इथे तुम्ही मधे पडून "मॅच नाही तर देऊच नका" असा हट्ट धरू नका.

आणखी एक, बॉम्बे ब्लड ग्रुप. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 मध्ये मुंबईत हा दाखवला म्हणून हे नाव. वरून बघितलं तर ओ दिसतो, पण या लोकांवर एच हे मूळ लेबलच नसतं, त्यामुळे ओ रक्तही त्यांना चालत नाही, फक्त बॉम्बेच. आपल्याकडे दहा हजारांत एक असं साधारण धरतात. म्हणूनच वर म्हटलं की दोन्ही बाजूंनी गट करा, ओ पेशींबरोबर पण प्लाझ्मा लावून बघा. असा पेशंट निघाला तर आधी सख्ख्या भावंडांना बोलवा, प्रत्येकाची शक्यता चारात एक असते, चुलत-मावस नंतर. नाहीतर परळच्या केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था आहे, दुर्मिळ दात्यांच्या नोंदीचं आणि अवघड अँटिबॉडी ओळखायचं काम तिथे चालतं. सॅम्पल घेऊन जायची वेळ आली तर ब्लड बँकेचं पत्र, पूर्ण इतिहास लिहिलेला फॉर्म, दोन-तीन ईडीटीए बल्ब (ज्यात रक्त गोठत नाही ते) आणि एक साधा बल्ब घ्या, थर्माकोलच्या डब्यात आइस पॅकवर वर्तमानपत्राची घडी आणि त्यावर बल्ब. बर्फाला चिकटवून ठेवलं तर पेशी गोठून फुटतात आणि शिवनेरीने दादरपर्यंत केलेली सगळी धावपळ वाया. निघायच्या आधी फोन करून जा.

गरोदर बायकांचं थोडक्यात. गट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर आयसीटी टेस्ट (आईच्या रक्तात अँटिबॉडी झालीय का ते बघणारी) करून घ्या, ती निगेटिव्ह असेल तर साधारण 28 व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर डिलिव्हरीनंतर 72 तासांत अँटि-डी इंजेक्शन. गर्भ पडला तरी डॉक्टरला विचारायचं, हे बायका विसरतात. थॅलेसेमियाच्या लेकरांच्या आईबापांना एवढंच, पहिली पिशवी चढायच्या आधी मुलाचा पूर्ण आरएच आणि केल फिनोटाइप, म्हणजे पेशीवर यातली कोणती लेबलं आहेत ते, करून मागा. एकदा रक्त सुरू झालं की तो साध्या पद्धतीने करणं अवघड होतं.

पिशवी मिळाली, आता पलंगाजवळ. पिशवीवरचा नंबर आणि गट, फॉर्म, पेशंटच्या हातावरचा पट्टा, दोघांनी मिळून जुळवायचं. फ्रीजमधून आल्यावर अर्ध्या तासात लावायची, चार तासांत संपवायची, घरच्या गरम पाण्यात किंवा उन्हात ठेवून "कोमट" करायची नाही. पहिली पंधरा मिनिटं उठून चहाला जाऊ नका. थंडी वाजून ताप, कंबरेत दुखणं, छातीत दाटणं, लघवी लाल, यातलं काही झालं तर ओरडा, सिस्टर लगेच बंद करेल आणि पिशवी नळीसकट आमच्याकडे येईल, फेकून देऊ नका, पुढचा शोध तिच्यावरच असतो. घरी गेल्यावरही दोन आठवडे डोळ्यांचा पिवळेपणा आणि लघवीचा रंग बघत राहायचं. मावशींचं तेच झालं होतं.

आणि अँटिबॉडी सापडली असेल तर ब्लड बँकेकडून लेखी मागा, तोंडी चालत नाही. कागदावर गट, अँटिबॉडीचं नाव, कोणत्या लेबलाशिवायची पिशवी लागते, तारीख आणि बँकेचा फोन. इंग्रजीत असू दे, पुढच्या डॉक्टरला ते लागतं, पण खाली मराठीत एक ओळ लिहून घ्या म्हणजे घरच्यांना कळेल हा कागद कशाचा आहे. फोटो काढून घरातल्या तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. अप्पा बळवंत चौकात छोटं करून लॅमिनेट करून मिळतं, ते आधार कार्डाच्या मागे. भोरच्या मावशी परवा चेकिंगला आल्या होत्या, मी विचारायच्या आधीच त्यांनी पर्समधून काढून खिडकीतून आत सरकवलं, "घे बाई, नाहीतर परत विसरशील."